दहा मिनिटांचा थांबा

गाडी स्टँडवर लागते, दार उघडतं आणि कंडक्टर खाली उतरता उतरता ओरडतो, "दहा मिनिटं थांबंन जी गाडी! चहापाणी करून घ्या!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमचं कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात असलं, तरी नागपूर-अमरावती रस्त्यावर जवळपास मधोमध वसलेलं आहे. संत्र्यांसाठी लोक आम्हाला ओळखतात. पण ज्यांनी आमच्या गावचं संत्रं कधी चाखलं नाही, अशा हजारो माणसांनी आमच्या स्टँडवरचा आलूबोंडा मात्र खाल्लेला असतो. गावाचं नावही त्यांना धड आठवत नाही. "ते नाही का, गाडी थांबते तिथं..." असं ते सांगतात. आम्ही त्यावर खूश असतो.

वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली. दुकान म्हणजे एक पेटी, एक पाण्याचं टोपलं आणि हवा भरायचा पंप. शेजारी आलूबोंड्याचा गाडा. सायकलची चार चाकं लावलेली ढकलगाडी, तिच्यावर पंपाचा स्टो, मोठी लोखंडी कढई, झारा, बेसनाची परात आणि एका डब्यात तळलेल्या हिरव्या मिरच्या. मीठ लावलेल्या त्या मिरचीशिवाय बोंडा हा आमच्याकडे बोंडाच नव्हे. गाडेवाले काका वडिलांना 'मिस्त्री' म्हणायचे, वडील त्यांना 'भाऊ'. दोघांनी आयुष्यभर एकमेकांना याच नावानं हाक मारली. घरात आम्ही उर्दू मिसळलेली हिंदी बोलायचो. मराठी मी शाळेच्या आधी या गाड्यापाशी उभं राहून शिकलो. "काऊन जी, तर्री मारू का आणखी?" हे मला आलेलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य असावं. पुढं मी मराठीत कविता लिहू लागलो, बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा नातेवाईक विचारायचे, हे कुठून शिकलास? मी स्टँडकडे बोट दाखवायचो.

आता मोठ्या शहरांत मोटारीतच स्वयंपाकघर थाटलेलं असतं. त्याला फूड ट्रक म्हणतात. रंगीत दिवे, गाणी, तरुण पोरापोरींची गर्दी. घरी सगळं असताना माणसं रस्त्यावर उभं राहून का खातात, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. चवीसाठी, हे उत्तर खोटं नाही. पण या खाण्याचा इतिहास पाहिला, तर त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट सापडते. ज्यांना स्वतःची चूल नव्हती, किंवा चुलीपाशी परत जायला वेळ नव्हता, अशा माणसांसाठी हे अन्न तयार झालं.

इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या उत्खननात रस्त्याकडेला डझनावारी खाण्याची दुकानं सापडली. दगडी कट्टा, त्यात बसवलेल्या मोठ्या मातीच्या बरण्या, आणि बरण्यांत शिजवलेलं अन्न. त्या शहरात भाड्याच्या लहान खोल्यांत राहणाऱ्या गरिबांकडे स्वयंपाकाची सोय नसायची. ते इथं यायचे. २०२० साली अशाच एका दुकानाचं उत्खनन जगासमोर आलं. कट्ट्यावर बदकांचं चित्र रंगवलेलं होतं आणि एका बरणीत बदकाच्या हाडाचा तुकडा मिळाला. म्हणजे पाटीवर जे, तेच भांड्यात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदाराबद्दल मला आदर वाटतो.

अमेरिकेतल्या फूड ट्रकचा पणजोबाही असाच रात्रपाळीतून जन्मला. १८७२ साली प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थानं घोडागाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली. गाडी उभी कुठं, तर एका वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर. हॉटेलं बंद झाल्यावर काम करणारे छापखान्यातले लोक हे त्याचं गिऱ्हाईक. आज सकाळी तुमच्या दारात पडलेला पेपर ज्यांनी रात्री छापला, त्यांनीही बहुधा कुठल्यातरी गाड्यावरच चहा घेतला असेल.

आता आपल्याकडे या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथं सुरू झाली. कापूस आमच्या वर्ध्या-वऱ्हाडाचा, मजूर आसपासच्या खेड्यांतले. गाव सोडून आलेला माणूस एका खोलीत चारपाच जणांबरोबर राहायचा. पहाटे भोंगा वाजला की फाटकाशी हजर. अशा माणसाला हवं काय? लगेच मिळणारं, पोटाला आधार देणारं, खिशाला परवडणारं. तर्री-पोहे या हिशेबात किती चपखल बसतात बघा. पोहे भिजले की झाले. हरभरा रात्री भिजत घातला की सकाळी शिजतो आणि दुपारपर्यंत भूक लागू देत नाही. रस्सा वाढवता येतो, पातळ करता येतो, आणि वरच्या लाल तर्रीनं सगळ्याला चव येते. शंभरावर वर्षं चालून ती मिल २००२ साली बंद पडली. तर्री-पोह्याचे गाडे नागपूरच्या रस्त्यांवर आजही सकाळी उभे असतात.

या हिशेबात एक माणूस नेहमी सुटतो. गाडा पुरुष ढकलतो, म्हणून तो त्याचा वाटतो. पण आमच्या काकांच्या घरी काकू पहाटे तीनला उठायच्या. दोन पायल्या बटाटे उकडायचे, सोलायचे, लसूण-मिरची पाट्यावर वाटायची, सांबार निवडायचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. सहाला गाडा निघायचा तेव्हा काकूंचं निम्मं काम झालेलं असायचं. बोंड्याची तारीफ मात्र काकांच्या वाट्याला.

भुकेइतकाच आणखी एक प्रश्न या देशात जेवणाशी बांधलेला होता, कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या वेगवेगळ्या पाणक्यांकडून ऐकू यायच्या. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर दोन्हीकडे अडचण. महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केला, तो पाण्याचाच. आमच्या वर्ध्याला जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तिथल्या आश्रमात सगळ्यांची पंगत एक. आमच्याच जिल्ह्यात हे सगळं घडलं. पण मंदिराचं दार उघडणं आणि हॉटेलातला कप बदलणं, यांत पुष्कळ वर्षांचं अंतर असतं.

मी सहावी-सातवीत असेन. म्हणजे १९८० च्या आसपासची गोष्ट. माझा एक दोस्त बौद्ध वस्तीतला. क्रिकेटची मॅच जिंकली म्हणून सर्वांनी पैसे जमवले आणि आम्ही एका हॉटेलात चहा प्यायला गेलो. कुठलं हॉटेल ते सांगत नाही, आता ते नाहीही. बाकीच्यांना बशीतून चहा आला. त्याला मात्र मालकानं मागच्या खिडकीकडे जायला सांगितलं. तिथं कान तुटलेले दोन कप उलटे ठेवलेले होते. पिऊन झाल्यावर त्यानंच ते विसळून ठेवायचे. माझ्याकडे पाहून मालक क्षणभर थांबला, मग म्हणाला, "तूही जा मिस्त्रीच्या पोरा, तिकडंच."

आम्ही चहा न पिता बाहेर आलो. पैसे होतेच. सरळ काकांच्या गाड्यावर गेलो. त्यांनी नेहमीसारखा रद्दीच्या कागदावर एकेक बोंडा ठेवून सगळ्यांच्या हातात दिला. कागद त्याला, कागद मला, कागद पाटलाच्या पोरालाही.

पुढे मोठेपणी मी यावर बराच विचार केला. काका काही सुधारक नव्हते. कागद स्वस्त होता, प्लेटा धुवायला पाणी नव्हतं. पाणीसुद्धा ते कुणाला पेल्यात देत नसत. मगानं वरून ओतायचे, पिणाऱ्यानं ओंजळ धरायची. ओंजळ सगळ्यांचीच. म्हणजे शिवाशिवीचा प्रश्न त्या गाड्यानं सोडवला नव्हता, बाजूला ठेवला होता. पण बारा वर्षांच्या भुकेल्या पोराला तेवढंही पुष्कळ होतं. सगळ्याच टपऱ्या अशा होत्या असं मी म्हणणार नाही. दोन कपांची रीत रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवरही होतीच. एवढंच म्हणतो, की उभं राहून, हातात कागद धरून, दहा मिनिटांत खायचं असेल तर पंगत मांडायला जागाच उरत नाही. आणि पंगत नसली की पंक्तिभेदालाही उभं राहायला जागा कमी पडते.

कवी असल्यामुळे मला प्लेटीत शब्दही दिसतात. पोहे संस्कृतातल्या पृथुकाकडून आले. समोसा फारसीतून. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला तुघलकाच्या दरबारी जेवला, तेव्हाच्या जेवणात समोशाचं वर्णन आहे. बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगीजांनी दिले. बटाटा आणि मिरची या वस्तूच मुळात अमेरिकेतल्या, सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे इकडे आलेल्या. चहा चीनचा. 'तर्री'त माझ्या कानाला फारसीतला 'तर', म्हणजे ओला, ऐकू येतो. ज्या बोंड्याला आपण अस्सल वऱ्हाडी समजतो, त्याचं निम्मं सामान परदेशातलं. आमच्या स्टँडवर मात्र कुणी त्याला परका म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

रद्दीच्या कागदाची एक गंमत सांगतो. माझी एक सुरुवातीची कविता एका पुरवणीत छापून आली. अंक मला मिळालाच नाही. पंधरा-वीस दिवसांनी काकांनी बोंडा दिला आणि तेलानं पारदर्शक झालेल्या कागदावर मला माझं नाव दिसलं. कविता अर्धी फाटली होती. छापील शब्दाचा पहिला आनंद मला असा तिखट हातांनी मिळाला. आता वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, शाईतली रसायनं पोटात जातात, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली दिला. तो बरोबरच आहे. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा २०११ मध्ये लागू झाला आणि अगदी छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी सांगितली गेली. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, उघडं पाणी, माश्या, हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांचं उत्तर गाडा उचलून नेणं हे नाही. गाड्याजवळ पाण्याचा नळ आणि कचऱ्याची पेटी द्या. नळ नसलेल्या माणसाला अस्वच्छतेचा दंड करणं सोपं असतं.

गाडा कुणी लावला, हेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक वेळा ज्याच्या पायाखालची जमीन सरकली, त्यानं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. आज शेगाव म्हटलं की गजानन महाराजांच्या पाठोपाठ कचोरी आठवते. वडापाव सुरू करण्याचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर त्यांचा गाडा लागला, गिरण्यांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या कामगारांच्या वाटेवर. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अनेकांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या, आणि काल जे वडापाव खात होते त्यांच्यातल्या कित्येकांनी स्वतःची वडापावची गाडी लावली. तिकडे अमेरिकेत २००८ च्या मंदीत लॉस एंजेलिसला रॉय चॉय या कोरियात जन्मलेल्या स्वयंपाक्यानं आपल्या साथीदारांसह ट्रक काढला. मेक्सिकोच्या मक्याच्या पोळीत कोरियन पद्धतीचं मांस भरून तो विकायचा. आजच्या फूड ट्रकची लाट तिथून उसळली. नोकरी गेली, हातात कला उरली, की माणूस चाकांवर चूल मांडतो. जगभर हेच दिसतं.

पण चाकांवरच्या चुलीला उभं कुठं राहायचं, हा प्रश्न उरतोच. 'अतिक्रमण' या एका शब्दात आपण तो मिटवत आलो. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात घटनापीठानं सांगितलं, की रस्त्यावर माल विकणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात मोडतो. त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, आणि अमुकच जागा हवी असा हट्ट मात्र विक्रेत्याला धरता येणार नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस आहे, आणि नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत असंही लिहिलं आहे. कायदा चांगला आहे. आमच्या काकांचा गाडा मात्र त्याच्या कितीतरी आधी एका सकाळी उचलला गेला होता. रस्त्याचं काम निघालं म्हणून. नोटीस मिळाली नाही. कढई परत मिळाली, चाकं वाकलेली होती. वडिलांनी तीन दिवस आपलं काम बाजूला ठेवून ती सरळ केली. पैसे विचारले तर म्हणाले, "भाऊ, बोंडे मैंने गिने थे क्या?"

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं, तेव्हा मला हे सारं पुन्हा आठवलं. सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात त्या आदेशाला स्थगिती दिली. कोणतं अन्न विकता ते लिहा, नावाची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. बातमी वाचून मी स्टँडवर गेलो. काका आता नाहीत. शेजारी एका तरुण पोराचा गाडा आहे. त्याच्या गाड्यावर पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो. मोबाइल समोर धरला की त्याचं नाव पडद्यावर उमटतं, आडनावासकट. मी त्याला विचारलं, "नाव पाहून कोणी परत जाते का रे?" तो हसला. "चाचा, लोकं रक्कम पाह्यते. नाव कोण वाचते?" ते ऐकून बरं वाटलं. तरी घरी येईपर्यंत मी त्या पडद्याचाच विचार करत होतो.

आता धोका दुसरीकडूनही आहे. आमचा रस्ता चौपदरी झाला, गाड्या वेगानं जातात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. त्यावर दुचाकीला बंदी, पायी माणसाला बंदी, आणि अर्थात ढकलगाडीलाही. रस्ता चांगला आहे, मीही त्यावरून गेलो आहे. वेळ वाचला. पण वाटेत एकाही अनोळखी माणसाशी बोलणं झालं नाही. शहरातली मुलं फूड ट्रकभोवती गर्दी का करतात, ते मला त्या प्रवासात कळलं. दहा मिनिटं कुठंतरी थांबावं आणि शेजारी कोण उभा आहे ते न विचारता खावं, याची भूक माणसाला असते. रस्ते ती भागवेनासे झाले की शहर तिच्यासाठी रंगीत दिवे लावतं.

माझा तो दोस्त आता अमरावतीकडे एका शाळेत मास्तर आहे. नागपूरला जाताना अजून एसटीनंच जातो आणि आदल्या दिवशी फोन करतो. मी स्टँडवर जाऊन उभा राहतो. दहा मिनिटं मिळतात. दोघांत दोन बोंडे, दोन मिरच्या. गाड्यावर आता स्टीलचे पेले आहेत, स्वच्छ घासलेले, कुणालाही घ्या. पोरगा त्याच्यापुढे पेला धरतो. दोस्त मात्र वाकून ओंजळच पुढे करतो.

"पेला घे ना बे," मी म्हणतो.

"राहू दे," तो म्हणतो, "मले असंच गोड लागते."

तेवढ्यात कंडक्टर घंटी मारतो.